आजोबा रॉसी : एका राखीव कॅचरच्या लोकप्रियतेचा प्रकरण अभ्यास

डेव्हिड रॉस हा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू. तो अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये २००२ ते २०१६ असे १५ हंगाम खेळला. या काळात तो ८८३ सामन्यांत मैदानावर उतरला. तिथला हंगाम १६२ सामन्यांचा असतो हे लक्षात घेतले, तर तो वर्षाला सरासरी साठ सामनेही खेळला नाही, हे उघड होते. शंभराहून अधिक सामने त्याच्या वाट्याला एकदाच आले, ते २००७ मध्ये सिनसिनाटी रेड्स संघात असताना. त्याच्या फलंदाजीची कारकिर्दीतील सरासरी ०.२२९ आहे. बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा, की शंभर प्रयत्नांत जेमतेम तेवीस वेळा तो चेंडू मारून बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोहोचला. लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड एकदाही झाली नाही. आकड्यांच्या हिशेबात अशी कारकीर्द काही वर्षांत पुसली जाते. त्याच्यासारखे किंवा त्याच्याहून सरस आकडे असलेले कितीतरी राखीव कॅचर आज कोणाला आठवतही नाहीत.

रॉसच्या बाबतीत तसे झाले नाही. शिकागो कब्ज या संघाच्या चाहत्यांना वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेतल्या, २०१६ च्या विजयाबद्दल विचारा. रिझो, ब्रायंट, लेस्टर, झोब्रिस्ट या मोठ्या नावांच्या पंगतीत ते न चुकता ‘ग्रँडपा रॉसी’चे नाव घेतात, आणि ते घेताना त्यांचा सूर बदलतो. मोठ्या खेळाडूंबद्दल ते अभिमानाने बोलतात, रॉसबद्दल मात्र घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे. हा जिव्हाळा कुठून आला, हा या लेखाचा प्रश्न आहे. ‘तो स्वभावाने चांगला होता’ हे त्याचे सोपे उत्तर झाले आणि ते खोटेही नाही. पण तेवढ्याने हा उलगडा होतो असे मला वाटत नाही. माझ्या मते राखीव कॅचरचे काम मुळातच प्रेक्षकांच्या नजरेआड चालते, आणि रॉसच्या बाबतीत काही कारणांनी ते एका हंगामापुरते सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. लोकांना केवळ एक माणूस आवडला असे झाले नाही. इतकी वर्षे समोर असूनही न दिसलेले एक काम त्यांना त्या माणसाच्या रूपाने दिसले.

राखीव कॅचरचे काम

कॅचरची तुलना क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाशी करण्याचा मोह आपल्याकडे होतो, पण ही तुलना अर्ध्या वाटेवरच संपते. कोणता चेंडू टाकायचा हे यष्टिरक्षक गोलंदाजाला सांगत नाही. कॅचरचे ते पहिले काम आहे. रॉसच्या काळात ते बोटांच्या खुणांनी चाले. उकिडवे बसायचे, उजवा हात मांड्यांच्या मधोमध धरायचा आणि समोरच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बोटांनी चेंडूचा प्रकार व जागा सांगायची. बॅटरला आणि त्याच्या संघाच्या बाजूच्या प्रशिक्षकाला ती खूण दिसता कामा नये, म्हणून गुडघे किती जवळ ठेवायचे याचेही भान ठेवावे लागे. खुणांच्या जागी बटणाचे उपकरण २०२२ पासून आले, तोवर रॉस निवृत्त झाला होता. खूण देऊन झाली की तोच हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे चुकार चेंडूने बोट मोडत नाही. मग ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू हातमोजा न हलवता झेलायचा, कारण मोजा हलला तर पंचाला वैध चौकटीच्या कडेवरचा चेंडू बाहेरचा वाटतो. चेंडू जमिनीवर आपटणार असेल तर झेलण्याचा नाद सोडून छाती पुढे करायची आणि तो अंगावर अडवायचा. हे सगळे एका सामन्यात शंभर-दीडशे वेळा करायचे.

मुख्य कॅचरला हे आठवड्यातून पाच-सहा दिवस करावे लागते, म्हणून त्याला विश्रांती लागते आणि म्हणूनच राखीव कॅचर लागतो. राखीव माणसाची अडचण निराळी असते. खेळायला मिळते ते पाचव्या-सहाव्या दिवशी, पण तयारी रोजची हवी, कारण मुख्य कॅचरच्या बोटाला चेंडू लागला की पुढच्या मिनिटाला मुखवटा चढवून त्याने जागेवर बसलेच पाहिजे. बॅट हातात रोज येत नसल्याने फलंदाजीची लय बसत नाही आणि सरासरी घसरते. ती घसरली म्हणून खेळायला आणखी कमी मिळते. राहिलेल्या वेळात तो बसतो, पाहतो, पिचरांशी बोलतो, समोरच्या संघातल्या बॅटरांच्या खोडी टिपून ठेवतो. वर्तमानपत्रात सामन्याचा तक्ता छापून येतो, त्यात यासाठी एकही रकाना नसतो.

रॉस या कामात मुरलेला होता, पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि गौरवपर लेखनात तो बहुधा पटकन उरकला जातो.

बॉस्टनमधली कानउघाडणी

रॉसचा जन्म १९ मार्च १९७७ रोजी जॉर्जिया राज्यातील बेनब्रिज या गावी झाला आणि तो फ्लोरिडातील टॅलाहासी येथे वाढला. ऑबर्न आणि फ्लोरिडा अशा दोन विद्यापीठांतून खेळल्यानंतर १९९८ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला सातव्या फेरीत निवडले. मेजर लीगमधला त्याचा पहिला होम रन, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेला फटका, २ सप्टेंबर २००२ चा आहे. डॉजर्सने ॲरिझोनाला १९-१ असे लोळवलेल्या त्या सामन्यात ॲरिझोनाने आपल्या खऱ्या पिचरांना वाचवण्यासाठी पहिल्या बेसवरच्या मार्क ग्रेसला चेंडू टाकायला उभे केले आणि रॉसने ग्रेसचाच चेंडू बाहेर भिरकावला. हा मार्क ग्रेस म्हणजे त्याआधी तेरा हंगाम शिकागो कब्जसाठी खेळलेला, तिथल्या लोकांचा लाडका खेळाडू. पुढे जे घडायचे होते त्याची सुरुवात अशी गमतीदार झाली.

त्यानंतर पिट्सबर्ग, सॅन डिएगो आणि सिनसिनाटी. सिनसिनाटीत २००६ साली त्याने २१ होम रन मारले आणि आपण मुख्य कॅचर व्हायचे हे त्याच्या मनाने घेतले. ते झाले नाही. ऑगस्ट २००८ मध्ये सिनसिनाटीने त्याला मोकळे केले आणि बॉस्टन रेड सॉक्सने घेतले. बॉस्टनचे तेव्हाचे महाव्यवस्थापक थिओ एपस्टीन यांनी आपल्याला तोंडावर सांगितले, की तू चांगला सहकारी नाहीस असा तुझा लौकिक आमच्या कानावर आला आहे, ही आठवण रॉसने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितली आहे. ते ऐकून तो हादरला. आपण कोणाशी भांडत नाही, कामचुकारपणा करत नाही, मग हा शिक्का कशाचा, असा विचार करता करता त्याच्या ध्यानात आले, की मुख्य जागा मिळत नसल्याची नाराजी आपण लपवत नव्हतो आणि आजूबाजूच्या सर्वांना ती दिसत होती.

एकतीस वर्षांच्या माणसाने आपल्याविषयीचे असे मत ऐकून घेणे आणि खरे मानणे सोपे नाही. रॉसने राखीव जागेकडे तात्पुरती अडचण म्हणून पाहणे सोडले आणि तोच आपला पेशा मानला. २००९ पासून चार हंगाम तो अटलांटा ब्रेव्ह्ज संघात ब्रायन मॅककॅनच्या मागे खेळला आणि जाणत्यांच्या वर्तुळात त्या जागेवरचा उत्तम माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचा पहिला एकसामनी वाइल्ड कार्ड सामना (बाद फेरीत जाण्याची शेवटची संधी) ५ ऑक्टोबर २०१२ रोजी झाला, तेव्हा दुखापतींनी बेजार असलेल्या मॅककॅनऐवजी रॉसला पहिल्यापासून खेळवले गेले आणि त्याने दोन रनांचा होम रन मारून संघाला आघाडी मिळवून दिली. अटलांटा हा सामना हरले. पण याच अटलांटात २०१० साली जेसन हेवर्ड नावाचा वीस वर्षांचा मुलगा नव्याने दाखल झाला होता आणि रॉसने त्याला सांभाळून घेतले होते, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

लेस्टर आणि पहिला बेस

२०१३ मध्ये रॉस बॉस्टनला परतला. त्या हंगामात डोक्याला बसलेल्या चेंडूंमुळे त्याच्या मेंदूला धक्का बसला आणि त्याला बरेच आठवडे बाहेर बसावे लागले. कॅचरच्या मुखवट्यावर आदळणारे चेंडू प्रेक्षकांना किरकोळ वाटतात. त्याची किंमत काय असते हे त्या वर्षी त्याला कळले. परत आल्यावर वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात सेंट लुइसविरुद्ध सातव्या इनिंगमध्ये (सामन्यातल्या नऊ डावांपैकी सातव्या) त्याच्याच फटक्याने बॉस्टनला आघाडी मिळाली, आणि ३० ऑक्टोबर २०१३ रोजी सहाव्या सामन्यात कोजी उएहाराने शेवटचा बॅटर बाद केला तेव्हा तो चेंडू रॉसच्या मोज्यात होता.

बॉस्टनच्या या काळात डावखुरा पिचर जॉन लेस्टर आणि रॉस यांची जोडी जमली. लेस्टर अव्वल दर्जाचा पिचर होता, पण त्याला एक विचित्र अडचण होती. साठ फुटांवरच्या बॅटरला तो हव्या त्या इंचावर चेंडू टाकू शके, मात्र पहिल्या बेसवरच्या सहकाऱ्याकडे साधा चेंडू फेकताना त्याचा हात आखडे. प्रतिस्पर्धी धावपटू बेस सोडून पुढे सरकला, तर त्याला धाक घालण्यासाठी पिचरने पहिल्या बेसवर चेंडू फेकायचा असतो. २०१४ च्या संपूर्ण हंगामात लेस्टरने तसा प्रयत्नच केला नाही. हे सगळ्या लीगला माहीत झाले, आणि धावपटू निवांतपणे चार-चार पावले पुढे जाऊन बेस चोरू लागले, म्हणजे फटका नसतानाच पुढचा बेस गाठू लागले.

डिसेंबर २०१४ मध्ये शिकागो कब्जने लेस्टरशी सहा वर्षांचा, १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. एपस्टीन तोवर बॉस्टन सोडून कब्जचे अध्यक्ष झाले होते. सहा वर्षांपूर्वी ज्याची कानउघाडणी केली होती त्याच रॉसला त्यांनी दोन वर्षांसाठी ५० लाख डॉलर देऊन लेस्टरच्या पाठोपाठ शिकागोत आणले. पैशांच्या या दोन आकड्यांमधले अंतर पाहून काहींना रॉस म्हणजे लेस्टरसोबत आलेले सामान वाटले असेल. प्रत्यक्षात त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम फार नेमके होते. लेस्टर जो धाक घालू शकत नव्हता तो रॉसने मागून घालायचा. लेस्टरचा चेंडू मोज्यात पडताच रॉस गुडघ्यांवरून उसळून, बॅटरच्या पाठीमागून थेट पहिल्या बेसवर अँथनी रिझोकडे चेंडू फेके, आणि पुढे सरकलेला धावपटू तोंडघशी पडून मागे झेप घेई, कधी बादही होई. कब्जच्या जाणत्या चाहत्यांच्या आठवणींत रॉसच्या होम रनांपेक्षा हे फेकणे जास्त येते, आणि मला ते योग्य वाटते. सहकाऱ्याची दुबळी बाजू झाकायची, तीही अशी की त्याला लाज वाटू नये, यातले कसब प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसणारे होते. राखीव कॅचरची कामगिरी इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

‘आजोबा’

२०१५ मध्ये रॉसची सरासरी ०.१७६ होती आणि होम रन एकच. तो एक कसा आला तेही सांगण्यासारखे आहे. २६ जुलै रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध सामना हाताबाहेर गेल्यावर रॉसलाच पिचर म्हणून उभे करण्यात आले. त्याने तिन्ही बॅटर बाद केले आणि लगेच पुढच्या इनिंगमध्ये बॅट घेऊन होम रन मारला. २०१६ हा आपला शेवटचा हंगाम असेल असे त्याने आधीच सांगून टाकले होते. त्या वसंतातल्या सराव शिबिरात रिझो आणि क्रिस ब्रायंट या दोन तरुण खेळाडूंनी त्याच्या नावाने इन्स्टाग्रामवर खाते उघडले, ‘ग्रँडपा रॉसी’ हे टोपणनाव सगळीकडे पसरवले आणि म्हाताऱ्यांनी बसून फिरायची विजेवर चालणारी छोटी गाडी त्याला भेट दिली. त्या मार्चमध्ये तो ३९ वर्षांचा झाला. ‘आजोबा’ हा शब्द मराठीतही चिडवायला आणि मान द्यायला सारखाच चालतो. शिकागोत ‘ग्रँडपा’चे तेच झाले.

या ठिकाणी चाहत्यांच्या प्रेमाची दिशा समजून घेतली पाहिजे. रॉसवर आधी प्रेक्षकांनी प्रेम केले आणि मग खेळाडूंनी, असे घडले नाही. क्रम उलटा होता. प्रेक्षकांनी रिझो आणि ब्रायंटला त्याच्यामागे लागलेले पाहिले, हेवर्डला त्याचे ऋण फेडताना पाहिले. अटलांटातला तो नवखा हेवर्ड त्या वर्षी मोठ्या करारावर कब्जमध्ये आला होता, आणि परगावच्या प्रत्येक दौऱ्यात रॉसला व त्याच्या कुटुंबाला हॉटेलात प्रशस्त खोल्या मिळाव्यात म्हणून त्याने संपूर्ण हंगामाचा खर्च स्वतः उचलला. ज्यांना आपण थोर समजतो ती माणसे कोणाला मान देतात, हे पाहून आपण आपला मान ठरवतो. चाहत्यांना ड्रेसिंग रूममधले बोलणे ऐकू येत नाही, बैठकांत कोण काय सांगतो हे कळत नाही. पण पंचविशीतली मुले एखाद्या एकोणचाळीस वर्षांच्या माणसाभोवती कशी घुटमळतात हे त्यांना दिसते, आणि त्यावरून न दिसलेल्या गोष्टींचा अंदाज त्यांनी बरोबर बांधला.

खेळही त्याने चांगला केला. २१ एप्रिल रोजी सिनसिनाटीत कब्जचा पिचर जेक अरिएटाने एकही हिट (बॅटरला बेसवर नेणारा फटका) न देता सामना जिंकून दिला, तेव्हा कॅचर रॉस होता. २७ मे रोजी रिगली फील्ड या कब्जच्या घरच्या मैदानावर त्याने कारकिर्दीतला शंभरावा होम रन मारला. ६७ सामन्यांत १० होम रन आणि ०.२२९ सरासरी, म्हणजे त्या वर्षीची सरासरी बरोबर कारकिर्दीच्या सरासरीएवढी भरली. लेस्टरने त्या हंगामात १९ सामने जिंकले.

२५ सप्टेंबर, रविवारची रात्र. नियमित हंगामातला रिगलीवरचा रॉसचा तो अखेरचा सामना होता, प्रतिस्पर्धी सेंट लुइस कार्डिनल्स, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी. रॉस पहिल्यांदा बॅट घेऊन आला तेव्हा सगळे स्टेडियम उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. नियमाप्रमाणे खेळ लगेच सुरू व्हायला हवा होता. पण कार्डिनल्सचा कॅचर यादिएर मोलिना आपली जागा सोडून प्लेटच्या, म्हणजे बॅटर ज्या बेसपाशी उभा राहतो त्याच्या, पुढे जाऊन उभा राहिला, म्हणजे खेळ आपोआप खोळंबला आणि टाळ्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. स्वतः त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ कॅचरांपैकी एक असलेल्या माणसाने एका राखीव कॅचरला दिलेली ही मानवंदना मला त्या संपूर्ण रात्रीत सर्वाधिक भावते. उकिडवे बसून आयुष्य घालवलेल्या माणसाचे मोल तशाच माणसाला कळले. पाचव्या इनिंगमध्ये रॉसने होम रन मारला. सातवी इनिंग चालू असताना व्यवस्थापक (मुख्य प्रशिक्षकासारखे पद) जो मॅडन माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आले आणि त्यांनी रॉसला बाहेर काढले. कॅचरला असे इनिंगच्या मध्येच कोणी काढत नाही. लोकांना त्याच्याकडे पाहून पुन्हा एकदा उभे राहता यावे, एवढाच त्यामागे हेतू होता.

आठवणीची परीक्षा

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. निवृत्तीनंतर रॉस टीव्हीवर समालोचक झाला, आणि २०१७ मध्ये नृत्याच्या एका लोकप्रिय स्पर्धेत त्याने दुसरा क्रमांकही मिळवला. ऑक्टोबर २०१९ मध्ये कब्जने त्याला व्यवस्थापक नेमले. २०२० च्या छोट्या हंगामात त्याच्या संघाने आपला विभाग जिंकला, पण जुलै २०२१ च्या अखेरीस संघाने रिझो, ब्रायंट आणि हावियेर बाएझ या तिघांनाही दोन दिवसांत इतर संघांना देऊन टाकले. ज्या मुलांनी त्याला आजोबा केले ती एकामागोमाग एक निघून गेली आणि तो डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांच्या जागेत, राहिला. २०२३ मध्ये संघाचे बाद फेरीतले स्थान एका विजयाने हुकले, सप्टेंबरमधल्या त्याच्या काही निर्णयांवर भरपूर टीका झाली आणि ६ नोव्हेंबर रोजी त्याला दूर करून क्रेग काउन्सेलला आणण्यात आले. व्यवस्थापक म्हणून त्याची नोंद २६२ विजय आणि २८४ पराभव अशी आहे.

या प्रकरणाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की व्यवस्थापक रॉसवर सडकून टीका करणारे चाहतेही कॅचर रॉसला त्या टीकेपासून बाजूला ठेवत. लोकप्रिय खेळाडूला पुढे अधिकारपद मिळाले आणि यश आले नाही, तर जुनी माया पातळ होत जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. इथे ती टिकली. केवळ टोपणनाव, भेटीदाखल मिळालेली गाडी आणि निरोपाच्या टाळ्या यांवर ती उभी असती तर टिकली असती का, याची मला शंका आहे. ती टिकली याचे कारण एका रात्रीत आहे, म्हणून ती रात्र मी शेवटी ठेवली.

सातवा सामना

२ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलँड. वर्ल्ड सिरीज ३-३ अशी बरोबरीत. कब्जने शेवटचे विजेतेपद १९०८ मध्ये मिळवले होते, त्यामुळे १०८ वर्षांचा हिशेब त्या एका सामन्यावर आला होता. रॉस बाकावर होता. सुरुवातीला कॅचर म्हणून विल्सन कॉन्ट्रेरास खेळत होता. पाचव्या इनिंगच्या उत्तरार्धात, कब्ज ५-१ असे पुढे आणि क्लीव्हलँडचे दोन बाद असताना, मॅडनने पिचर काइल हेंड्रिक्सला काढून लेस्टरला आणले. लेस्टर आला म्हणजे त्याच्यासोबत रॉस आला.

त्यानंतरचे काही चेंडू रॉसच्या कारकिर्दीतले सर्वांत वाईट ठरले. क्लीव्हलँडच्या जेसन किपनिसने मारलेला चेंडू प्लेटच्या पुढ्यातच घरंगळला. रॉसने धावत जाऊन तो उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला, तो रिझोच्या आवाक्याबाहेर गेला. ज्या बेसवर अचूक फेकण्यासाठी त्याला शिकागोत आणले होते, तिथेच त्याचा नेम चुकला. धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. लगेच लेस्टरचा एक चेंडू मातीत आपटून उसळला आणि रॉसच्या मुखवट्यावर आदळून लांब उडाला. रॉस कोलमडला, सावरून चेंडूमागे धावला, पण तोवर दोन्ही धावपटू प्लेटवर पोहोचून दोन रन झाले होते. ५-३. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसला तेव्हा त्याचे वय अचानक खरे वाटू लागले.

सहाव्या इनिंगमध्ये तो बॅट घेऊन आला. समोर अँड्र्यू मिलर होता, त्या महिन्यात ज्याच्यापुढे चांगल्या चांगल्या बॅटरांची डाळ शिजली नव्हती असा उंच डावखुरा पिचर. रॉसने मिलरचा चेंडू मध्यभागाच्या कुंपणापलीकडे मारला. ६-३. सातव्या सामन्यात होम रन मारणारा तो वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. पहिला होम रन पिचर नसलेल्या माणसाला मारला होता, शेवटचा मिलरला. त्याच रात्री डगआउटमध्ये ध्वनिमुद्रणात टिपलेला एक संवाद चाहते आजही आठवतात : भावनेने कासावीस झालेला रिझो त्याच्यापाशी येऊन आपल्याला स्वतःवर ताबा ठेवता येत नाही असे सांगतो, आणि रॉस त्याची खोटी समजूत घालत नाही. हे असेच वाढत जाणार आहे, तू फक्त श्वास घेत राहा, असे तो त्याला सांगतो. राखीव कॅचर दिवसभर जे करतो आणि जे कोणाला ऐकू येत नाही, ते त्या एका रात्री सगळ्यांना ऐकू आले.

रॉसचे भाकीत खरे ठरले. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या राजाई डेव्हिसने कब्जचा पिचर अरोल्डिस चॅपमनचा चेंडू डाव्या कोपऱ्यातून बाहेर मारून ६-६ अशी बरोबरी साधली, तेव्हाही प्लेटमागे रॉसच होता. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला त्याने चार वाईट चेंडू सोडून देऊन चालत पहिला बेस मिळवला, आणि मॅडनने त्याच्या जागी धावण्यासाठी तरुण पायांच्या ख्रिस कॉगलनला पाठवले. रॉसची कारकीर्द तिथे संपली. नंतर पाऊस आला, खेळ सतरा मिनिटे थांबला, हेवर्डने सर्वांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्जने दोन रन काढले. त्यातला दुसरा रॉसच्या जागी आलेल्या कॅचर मिगेल मोंटेरोच्या फटक्यावर आला, आणि सामना ८-७ असा जिंकला तो त्याच एका रनाने. शेवटचा चेंडू ब्रायंटने उचलून रिझोकडे फेकला तेव्हा प्लेटमागे मोंटेरो होता आणि रॉस डगआउटच्या कठड्यापाशी, म्हणजे पंधरा वर्षांतला बहुतेक काळ जिथे गेला त्याच जागी.

मग सगळे मैदानात धावले. गर्दी थोडी पांगल्यावर रिझो आणि हेवर्डने त्याला खांद्यांवर उचलले. एका बाजूला ज्याने त्याला आजोबा म्हटले तो, दुसऱ्या बाजूला अटलांटात ज्याला त्याने सांभाळले तो. मध्ये डोक्यावर विजेत्यांची टोपी चढवलेला रॉस, दोन्ही हात वर केलेला. तो फोटो शिकागोतल्या कितीतरी घरांत भिंतीवर आहे.